बुटका जुनिपर पावसाळ्यानंतर तपकिरी पडतोय: पाणी कमी पडलं की जास्त झालं?

गच्ची_कर्वेनगर

गच्चीवर १२ इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत तीन बुटके जुनिपर (सुईसारख्या काटेरी पानांची सदाहरित झुडपं) आहेत. दोन आडवे पसरणारे (नर्सरीच्या चिठ्ठीवर 'प्रोकम्बन्स नाना') आणि एक निळसर 'ब्लू स्टार'. चौथा, नानाच, सोसायटीच्या बागेत काळ्या मातीत लावलाय. चारही गेल्या डिसेंबरात आणले, तेव्हा फूटभर पसारा होता.

मिश्रण लाल माती, शेणखत, कोकोपीट समसमान. तळाला दोन इंच खडी, कुंडीखाली ताटली. ऊन सकाळी साडेआठ ते चार. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावरच होत्या, उघडीप मिळाली की रोज एक मग पाणी. ऑक्टोबरचं ऊन तापल्यापासून रोज दोन मग.

सप्टेंबरअखेरपर्यंत सगळं हिरवं होतं. गेल्या पंधरा दिवसांत एका नानाची एक अख्खी बाजू आधी फिकट झाली, मग वाळल्या गवतासारखी तपकिरी. दुसऱ्याचे आतले काटे पिवळे होऊन गळतायत, शेंडे मात्र हिरवे आहेत. ब्लू स्टार सगळाच मळकट, राखाडी. जमिनीतल्याचे शेंडे वाळतायत. पाणी वाढवून फरक पडला नाही. कुणी बुरशी म्हणतं, कुणी खत कमी म्हणतं. १९:१९:१९ द्यावं का? वाळलेला भाग किती खालून कापायचा?

खुरपं

खत अजिबात देऊ नका आणि रोजचं पाणी आजच थांबवा. कात्रीही इतक्यात नको.

जुनिपरच्या बाबतीत एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला हवी: हे झाड बातमी फार उशिरा देतं. जास्वंदीची मुळं कुजली तर दोन दिवसांत पानं माना टाकतात. जुनिपरचे काटे कडक, मेणचट, पाण्याची वाफ फार थोडी सोडणारे. खाली मुळं मेली तरी वरचा पाला कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. म्हणजे आज ऑक्टोबरात जे तपकिरी दिसतंय ते बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये झालेलं आहे. आणि नेमकी इथेच फसगत होते. बाहेर ऊन वाढलेलं असतं, पाला वाळताना दिसतो, माणूस पाणी वाढवतो आणि उरलीसुरली मुळंही बुडतात.

पुण्यात हे झाड उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त दगावतं. पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा झड किती दिवस टिकली हे महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, भुरभुर चालू राहते, कुंडी वाळतच नाही. तुमच्या मिश्रणात दोन भाग पाणी धरून ठेवणारे आणि तिसरा भाग चिकट. त्यात उघडीप मिळाल्यावर एक मग वरून. मुळांना हवा मिळाली कधी?

तळाच्या खडीबद्दलही बोलायला हवं, कारण जवळजवळ प्रत्येक कुंडीत ती सापडते. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजून ओथंबला तरच ते खाली जातं. त्यामुळे प्रत्येक कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा राहतो, तो खडीमुळे नाहीसा न होता दोन इंच वर सरकतो, थेट मुळांत. निचरा हवा असेल तर अख्खं मिश्रणच जाड हवं. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो.

आता तपासणी. वाळलेल्या बाजूच्या फांदीवर नखाने साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, कोरडं तपकिरी दिसलं तर गेली. टोकाकडून बुंध्याकडे येत तीन-चार ठिकाणी करा, म्हणजे मरण कुठपर्यंत आलंय ते कळेल. मग बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. खालचा भाग गडद, ओला आणि वास आंबूस असेल तर निदान झालंच. शेवटी तिन्ही झाडं कुंडीतून अलगद काढून मुळं बघा आणि इथे लिहा. ताटल्या आजच काढून ठेवा.

दुसऱ्या नानाचे फक्त आतले, बुंध्याकडचे काटे पिवळे होत असतील आणि शेंडे तजेलदार असतील तर ती नेहमीची गळ असू शकते. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत असं नाही. आत ऊन पोचत नाही तिथले जुने काटे दरवर्षी जातात.

भिंगवाला

ब्लू स्टारचं वर्णन मुळांपेक्षा कोळ्याचं, म्हणजे लाल कोळी किडीचं वाटतंय. मळकट, राखाडी, धूळ बसल्यासारखा रंग ही तिची खूण. पांढरा कागद फांदीखाली धरा, फांदीला दोन-तीन टिचक्या मारा आणि कागद उन्हात धरून अर्धा मिनिट बघत राहा. मिठाच्या कणाहून बारीक ठिपके हळूहळू चालू लागले तर कोळी. बोटाने पुसले की लालसर किंवा हिरवट रेघ उमटते. धूळ चालत नाही आणि रेघही उमटत नाही.

कोळी निघाला तर औषधाआधी पाणी. पाइपला नोझल लावून सकाळी खालून वर आणि आतून बाहेर असा जोराचा फवारा, तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. कुंडी आडवी करून किंवा मातीवर प्लास्टिक बांधून धुवा, नाहीतर कोळी जाईल आणि मुळं पुन्हा भिजतील. पुरलं नाही तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, २ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी. पारा ३२ च्या वर असलेल्या दिवसांत गंधक नको, पाला भाजतो. ब्लू स्टारवर निंबोळी तेल किंवा कुठलंही तेल मारू नका. ती निळी झाक म्हणजे काट्यावरचा मेणाचा थर आहे, तेलाने तो विरघळतो आणि झाड साधं हिरवं दिसू लागतं. नानावर तेल चालेल: ५ मिली निंबोळी तेल, २ मिली सौम्य साबण, १ लिटर पाणी. मात्र तेल आणि गंधक यांत किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

सायपरमेथ्रिनसारखं सरसकट मारणारं कीटकनाशक टाळा. कोळ्याला खाणारे छोटे किडे त्याने आधी मरतात आणि कोळी दुप्पट जोमाने परत येतो.

जमिनीतल्याचे शेंडे वाळतायत त्यात शेंडेकरपा शोधा. मेलेला शेंडा आणि जिवंत फांदी यांच्या सीमेवर भिंग लावा. तिथे फांदीभोवती राखाडी कडं असेल आणि त्या कड्यावर टाचणीच्या टोकाहूनही बारीक काळे ठिपके असतील तर फोमॉप्सिस नावाची बुरशी आहे. ती फक्त कोवळ्या फुटव्यावर, पाला ओला राहिला की शिरते. त्या ठिपक्यांतूनच पावसाच्या थेंबांबरोबर पुढच्या शेंड्यावर जाते.

गच्ची_कर्वेनगर

सगळं केलं. निरीक्षणं अशी:

अर्धा वाळलेला नाना: काडी तळाशी चिखलासारखी ओली, वास गटारासारखा. मुळांचा गोळा मध्यभागी चिकट लाल मातीचा, नर्सरीतलाच जसाच्या तसा, नारळाएवढा. वाळलेल्या बाजूची मुळं काळी, ओढली की साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी तार राहते. दुसऱ्या बाजूला फिकट तपकिरी, टणक, पांढऱ्या टोकांची मुळं आहेत.

दुसरा नाना: मुळं चांगली, पण मातीच्या गोळ्यावर पांढरं जाळं. हा मिलीबग आहे का?

ब्लू स्टार: कागदावर ठिपके चालतायत. मुळं बरी.

जमिनीतला: राखाडी कडं आहे, काळे ठिपकेही दिसले. शिवाय बुंधा दोन-तीन इंच मातीत गाडलेला निघाला.

कुंड्या आत्ताच बदलायच्या का?

खुरपं

पांढऱ्या जाळ्याचा आधी वास घ्या. पावसात उगवलेल्या अळिंबीसारखा मातकट, छान वास आणि धागे गोळ्यावर सपाट पसरलेले असतील तर ती मातीतलं कुजकं खाणारी, बहुधा निरुपद्रवी बुरशी आहे, धुऊन टाकू नका. कापसाचे सुटे पुंजके असतील आणि चिमटल्यावर ओलसर किडा चिरडत असेल तर मिलीबग.

अर्धा वाळलेला नाना आत्ता, याच आठवड्यात बदला. कुजकी मुळं तशीच ठेवून मुहूर्ताची वाट बघण्यात अर्थ नाही. दुसरा नाना नोव्हेंबरच्या मध्यावर, थंडी लागली की. नोव्हेंबर मध्य ते जानेवारीअखेर हा पुण्यातला चांगला काळ, उन्हाळ्याआधी मुळं धरायला दोन-तीन महिने मिळतात. ब्लू स्टारचा कोळी आधी आवरा, कुंडी डिसेंबरात बदला.

मिश्रण मापाने (एक माप म्हणजे एक घमेलं धरा): ३ ते ६ मिमीची दगडाची कच ४ मापं, लाल माती २ मापं, चाळलेलं गांडूळखत १ माप. कच बारीक चाळणीतून काढून खालची भुकटी फेकून द्या, मग पाण्याने धुवा. ही पायरी चुकवू नका. त्या भुकटीचं ओलं झालं की सिमेंटसारखं बसतं आणि सगळा निचरा वाया जातो. कच मिळाली नाही तर विटांचे तेवढ्याच आकाराचे तुकडे चालतात. कोकोपीट पूर्ण वगळा. मिश्रण बरोबर जमलं का ते बघायला मूठभर ओलं करून दाबा. मूठ उघडल्यावर लाडू टिकला तर कच वाढवा.

गोळा सोडवताना सगळी मुळं धुऊन उघडी करू नका. जुनिपरला ते झेपत नाही. कुजलेल्या बाजूची काळी मुळं टणक, फिकट भाग लागेपर्यंत कापा, कात्री प्रत्येक कापानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. चांगल्या बाजूची मुळं शक्यतो हलवू नका, तिथली फक्त वरची अर्धा इंच चिकट माती काडीने खरवडा. मधला लाल गोळा हाच खरा अडथळा आहे. भोवती कितीही मोकळं मिश्रण घातलं तरी गोळा आपलं पाणी धरून बसतो, आणि एकदा कडक वाळला की पाणी आत घेतच नाही. बांबूच्या काडीने गोळ्यात वरून खाली चार-पाच भोकं पाडा आणि त्यांत कच भरा. उरलेला गोळा पुढच्या हिवाळ्यात, एकेक बाजू करून काढायचा.

या झाडाला आता १२ इंची कुंडी मोठी आहे. अर्धी मुळं गेल्यावर तेवढं मिश्रण वाळवायला झाडाकडे ताकद नाही. १० इंची मातीची कुंडी घ्या, तिच्या अंगातून पाणी वाफ होऊन जातं. कुंडीखाली विटेचे तीन तुकडे, जमिनीपासून इंचभर उंच. बुंध्यापासून मुळं जिथे फाकतात ती जागा मिश्रणाच्या वर दिसली पाहिजे. लावल्यावर एकदाच, तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत द्या, आणि तीन आठवडे फक्त सकाळचं ऊन. त्या काळात खत नाही.

पुढचं पाणी मगाने मोजू नका. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तर भरपूर द्या, ओलं लागलं तर काहीच नाही. रोज थोडं थोडं ही सवय सगळ्यात वाईट, त्याने वरचा इंच ओला राहतो आणि खालच्याचा पत्ता लागत नाही. अशा मिश्रणात हिवाळ्यात साधारण तीन-चार दिवसांनी पाळी येईल, एप्रिल-मेमध्ये जवळजवळ रोज. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कुंडीच्या काठाला पांढरे क्षार धरतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून ते धुऊन काढा.

लाल_मुरूम

जमिनीतल्या झाडाबद्दल. गाडलेला बुंधा आजच मोकळा करा. पण काळ्या मातीत खड्डा खणून त्यात हलकं मिश्रण भरायचा सल्ला कुणी देईल, तो घेऊ नका. काळी माती पावसात फुगून बंद होते, मग तो खड्डा म्हणजे बिनभोकाचं टिपाड. आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच येतं. त्याऐवजी जमिनीच्या वर उंचवटा करा: मीटरभर रुंद, फूटभर उंच, मुरूम आणि लाल माती निम्मे-निम्मे, आणि झाड त्याच्या माथ्यावर. वरून दोन इंच बारीक खडी पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब. खडीमुळे पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि खालचा पाला कोरडा राहतो. हलवण्याचं काम डिसेंबरात, मातीच्या गोळ्यासकट.

करप्यासाठी: कोरडा दिवस बघून प्रत्येक मेलेला शेंडा राखाडी कड्याच्या खाली दोन-तीन इंच, जिवंत भागात कापा. तुकडे कंपोस्टमध्ये नकोत, कचऱ्यात टाका. नंतर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, ७५ टक्के, २ ग्रॅम प्रति लिटर, दहा दिवसांनी पुन्हा. पुढच्या वर्षी हाच फवारा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत. शेंडा आत पूर्ण मेल्यावर मारलेलं औषध त्याला जिवंत करत नाही, ते फक्त शेजारचे वाचवतं. बागेला स्प्रिंकलर असेल तर या झाडावरची तोटी फिरवा. आणि सोसायटीतली कुत्री त्याच कोपऱ्यात येतात का तेही बघा, मुताने खालच्या फांद्या नेमक्या अशाच तपकिरी पडतात. तिथे बुरशीनाशक निरुपयोगी, तारेचं छोटं कुंपण लागतं.

कुजलेल्या मुळांच्या नानाला मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब, २ ग्रॅम प्रति लिटर, मिश्रणात एकदा ओता. द्राक्षाच्या केवडा रोगासाठी बागायतदार वापरतात तेच, कृषी सेवा केंद्रात मिळतं. हातमोजे घाला. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर तीन आठवडे थांबून द्या. दोन्ही एकत्र ओतलं तर मॅन्कोझेब ट्रायकोडर्मालाही मारतं.

खुरपं

मेटॅलॅक्झिलला माझा विरोध नाही, पण क्रम सांभाळा. आधी कुजकं काढणं आणि मिश्रण बदलणं, मग औषध. ओल्या चिकट मातीत औषध ओतणं म्हणजे त्याच मुळांना आणखी अर्धा लिटर पाणी पाजणं.

गच्ची_कर्वेनगर

कळलं. दोन प्रश्न राहिले. नानाची अर्धी बाजू गेली, ती कापल्यावर पुन्हा भरून येईल का? आणि ब्लू स्टार पुण्यात टिकवण्यात अर्थ आहे का? सोसायटीला कुंपणाच्या कडेने जुनिपरची बुटकी रांग लावायची आहे, तीसेक झाडं.

भिंगवाला

ब्लू स्टारची मूळ जात हिमालय आणि चीनच्या डोंगरांतली, तिला थंडी हवी. पुण्यातली डिसेंबर-जानेवारीची थंडी तिला आवडते, एप्रिल-मेची तापलेली गच्ची नाही. फेब्रुवारीअखेरपासून अकरापर्यंतच ऊन मिळेल अशी पूर्वेची जागा द्या, काळी कुंडी बदला किंवा तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा, कारण उन्हात काळ्या प्लास्टिकच्या कडेची मुळं भाजतात. एवढं करून ठेवायचा असेल तर एक ठेवा, दुसरा घेऊ नका. घरात मात्र कुठलाच जुनिपर आणू नका. टेबलावरचं बोन्साय म्हणून विकतात ते महिनाभर हिरवे दिसतात ते केवळ उशिरा कळवण्याच्या सवयीमुळे.

प्रोकम्बन्स जपानच्या समुद्रकाठची, म्हणून आपल्याकडच्या उन्हाला बरीच सरावते. घेताना चिठ्ठीवर न जाता काटे बघा: तीन-तीनच्या जुडग्यात, टोचणारे, वरच्या अंगावर दोन पांढऱ्या रेघा. चपटी, उभी, मऊ पानं असतील तर ती मोरपंखी, जिचं पान विद्या म्हणून वहीत ठेवतात ती.

लाल_मुरूम

तीस झाडांची रांग जुनिपरची नको. काळ्या मातीत सलग तीसपैकी दहा तरी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जातील आणि मधली भोकं भरून येत नाहीत. टेबल कामिनी लावा, फूट-सव्वा फूट अंतराने. छाटणी सोसते, फुलतेही. जुनिपर दोन-तीन, उंचवट्यावर, दगडांच्या जोडीला ठेवा, तिथे तो खरा शोभतो.

खुरपं

गेलेली बाजू तिथूनच फुटणार नाही. जुनिपरच्या जुन्या, पाला नसलेल्या लाकडावर नवा डोळा फुटत नाही, म्हणून हिरवा पाला संपतो त्याच्या मागे कधीच कापायचं नसतं. मेलेली फांदी मात्र बुंध्यापर्यंत काढा, तिचा काही उपयोग नाही. मग राहिलेल्या बाजूची एक लांब, लवचिक फांदी निवडून मोकळ्या जागेकडे वळवा. दीड मिमीची अ‍ॅल्युमिनियमची तार पंचेचाळीस अंशांच्या कोनात गुंडाळा, सालीत रुतू लागायच्या आत म्हणजे चार-सहा महिन्यांत काढा. दोन वर्षांत ती फांदी भोक झाकते. ही तार कुंडी बदलल्यानंतर लगेच नको, फेब्रुवारीत घाला.

इतर छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत. हेज कात्रीने वरून गोल भादरू नका. त्याने बाहेर दाट टोपी होते, आत ऊन पोचत नाही, आतला पाला मरतो आणि मग कापायला हिरवं काही उरत नाही. एकेक लांब फांदी उचलून, ती जिथे दुसऱ्या हिरव्या फांदीला मिळते तिथे छोट्या कात्रीने कापा, एका वेळी एकूण पाल्याच्या एक तृतीयांशाहून कमी. मेमध्ये छाटणी करू नका. कापल्याने कोवळा फुटवा येतो, तो नेमका जूनच्या पावसात सापडतो आणि करप्याला आयतं अन्न मिळतं. मेमध्ये फक्त हात आत घालून अडकलेले सुके काटे झाडून काढा, म्हणजे पावसात आत हवा खेळते.

काढलेल्या निरोगी शेंड्यांतून रोपं करायची असतील तर चार इंचांचा तुकडा, तळाला जुन्या सालीची छोटी टाच ठेवून ओढून काढा. खालच्या इंचभराचे काटे काढा, ३००० पीपीएमची आयबीए, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाची पावडर लावा आणि धुतलेल्या जाड वाळूत सावलीत खोचा. मुळं यायला दोन ते चार महिने लागतात. तोपर्यंत ते हिरवे दिसतील म्हणून जगलेच असं समजू नका, हलकेच ओढून बघा, अडकले तरच मुळं आली.